दोन पाउंड कमी

—छे हो, बाजारातून आणून लावलेला फोटो नाही तो. भाची आहे माझी. सख्खी, ताईची मुलगी. सगळे असंच बघतात — आधी फोटोकडे, मग माझ्याकडे, मग परत फोटोकडे — म्हणजे या थोबाडाच्या घरात ही कशी? बसा ना, उभे का? ते खोकं सरकवा बाजूला, शटलचे रिकामे डबे आहेत, काही मोडत नाही. तुमच्या रॅकेटच्या गटिंगला अर्धा तास तरी जाईल. जुन्या तारा कापायच्या, फ्रेम पुसायची, मग आधी उभ्या तारा ओवायच्या आणि नंतर आडव्या. घाई केली की फ्रेम वाकते, आणि मग माझ्या नावाने खडे फोडत तुम्हीच परत येणार. बसा.

भिंगरी म्हणतो आम्ही तिला. पायाला भिंगरी लावूनच जन्माला आली. ताई कपड्यांच्या कारखान्यात शिलाईला होती, तेव्हा शाळा सुटली की ही माझ्याकडे. तो मागचा दरवाजा दिसतोय? तो उघडला की थेट बॅडमिंटनचा हॉल. कोणाची तरी तुटकी रॅकेट घ्यायची आणि दोन-दोन तास भिंतीवर टप, टप, टप. शेवटी हॉलचे कोच माझ्याकडे आले, कपाळ दाबत. म्हणाले, "हिला कोर्टवर तरी पाठव रे बाबा, त्या टपटपीने माझं डोकं उठलंय." झाली सुरुवात! लोक विचारतात, हिच्यातले गुण कोणी हेरले? कोणी नाही हो. डोकेदुखीने हेरले.

अठराव्या वर्षी व्यावसायिक झाली. आता तुम्हाला वाटेल, व्यावसायिक म्हणजे टाळ्या, कॅमेरे, सह्या घ्यायला पोरांची रांग. कसली रांग! सकाळी आठला, सगळ्यात कडेच्या कोर्टवर पात्रता फेरी. बघायला कोण? एक पंच, आणि फरशी पुसणाऱ्या एक बाई. त्या बाईंनी एकदा टाळी वाजवली तर ही बिचकली, सर्व्हिस जाळ्यात मारली. बेसिनमध्ये टी-शर्ट धुवायचे, केस वाळवायच्या यंत्राने वाळवायचे. पहिल्या सात स्पर्धा पहिल्याच फेरीत हरली. सात! एका ठिकाणी तर एकोणीस तास प्रवास करून गेली आणि तेवीस मिनिटांत बाहेर. फोनवर म्हणाली, "मामा, माझं सामान यायच्या आधी मी हरले." खरंच, बॅग विमानतळावरच राहिली होती! हसायची हो. ताई म्हणायची, "आता पुरे, नोकरी बघ." मी म्हणायचो, एक वर्ष थांब.

तारांचा ताण तुम्ही किती सांगितलात, चोवीस पाउंड ना? बरोबर आहे, तुमच्या हाताला चोवीस पुष्कळ. राग मानू नका. तार जितकी ताणलेली, तितका फटका तुमच्या ताब्यात — पण शटल लांब न्यायला जोर तुमच्या खांद्याने द्यायचा. तार थोडी सैल असली की तीच शटल उडवून देते, खांद्याला आराम. इतकं साधं आहे. मोठ्या खेळाडू अठ्ठावीस पाउंडांनी खेळतात म्हणून आमच्या बाईसाहेबांनाही अठ्ठावीस हवे. आणि खांदा? तो सोळाव्या वर्षापासून दुखरा. फिजिओने सांगितलं होतं, एवढ्यात ताण वाढवू नका. मी सांगितलं, ताईने सांगितलं. ऐकेल ती भिंगरी कसली! "मामा, अठ्ठावीस म्हणजे अठ्ठावीस."

मग — आता सांगतो ते जरा — अहो, मी मशीन लावलं सव्वीसवर. आणि फ्रेमवर चिठ्ठी चिकटवली, अठ्ठावीस.

असे बघू नका हो. दोन पाउंड! लहान लेकराला औषध साखरेतून देतो की नाही आपण? मी दिलं. तिला काही कळलं नाही, कारण लहानपणापासून दुसऱ्या कोणाच्या हाताचं गटिंग तिला ठाऊकच नव्हतं. ती अठ्ठावीस म्हणून सव्वीसने खेळली. एक नाही, दोन नाही, सव्वा वर्ष. खांद्याची कुरकुर थांबली. ताईला वाटलं व्यायामाचा गुण, कोचना वाटलं त्यांचा गुण. आणि मी इथे बसून मिशीत हसतोय — मिशी नाही मला, पण समजून घ्या.

आणि आठव्या स्पर्धेत जिंकली! पहिली फेरी, दुसरी, आणि तिसरीत थेट तिसऱ्या मानांकित मुलीला लोळवलं. त्या दुपारी मी दुकान बंद केलं नाही, उलट सताड उघडं ठेवलं आणि येईल त्याला सांगत सुटलो. पोस्टमनला सांगितलं. चुकून पत्ता विचारायला आलेल्या माणसालाही सांगितलं, बिचारा ऐकून पत्ता विसरला.

पण गंमत बघा. हरत होती तोवर माझं पाप झाकलेलं होतं. कसं? सहा रॅकेट मी इथून तयार करून द्यायचो, ती पहिल्या फेरीत हरून घरी, सहा पुरून उरायच्या. जिंकायला लागली तसा दौरा लांबला. तीन देश, तीन आठवडे. तारा तुटत गेल्या. तिसऱ्या आठवड्यात तिने तिथल्याच माणसाकडून गटिंग करून घेतलं. अठ्ठावीस सांगितलं, त्या भल्या माणसाने अठ्ठावीसच केलं. प्रामाणिक माणूस, त्याचं काय चुकलं? आणि हिचे सगळे उंच फटके अर्ध्या कोर्टातच पडायला लागले. समोरची मारतेय आयते स्मॅश! जिला महिन्यापूर्वी सहज हरवलं होतं, तिने हिला धुऊन काढलं.

दुपारी फोन आला. मी असाच एक रॅकेट धरून बसलेलो. म्हणाली, "मामा, माझा हात गेला. शटल जातच नाही मागे." मी... मी म्हणालो, "दमली असशील गं. झोप काढ."

हो ना. तेव्हाच सांगायला हवं होतं. मला तर ऐकताक्षणी कळलं होतं! पण जीभ रेटेना. म्हटलं, घरी आली की माझ्या सव्वीसवर परत येईल गाडी रुळावर, कोणाला कळणार? पण ती घरी आली ती हात दुरुस्त करायलाच. रॅकेट काही तिथल्या अठ्ठावीसच्या, काही माझ्या सव्वीसच्या, म्हणून फटका कधी आखूड, कधी लांब. कोचनी पकड बदलायला लावली, खांदा फिरवायची पद्धत बदलली. जो हात बिघडलाच नव्हता, तो दुरुस्त करत बसले दोघं. चाळीस दिवस! मागे हॉलमध्ये ती घाम गाळतेय, चुकतेय, स्वतःवर चिडतेय, मला या भिंतीतून सगळं ऐकू येतंय — आणि मी इथे तारा ओवतोय. दोन स्पर्धांतून नाव मागे घेतलं तिने. ताईला म्हणाली, नोकरीचं बघूया म्हणून.

नाही, मी नाही सांगितलं. तेवढी छाती कुठली? एक गिऱ्हाईक होतं, चांगला गप्पिष्ट माणूस, आणि खरं सांगू, मला राहवलं नाही. भाची जिंकली ते सगळं तिचंच म्हणत होते हो सगळे! मी त्याला म्हणालो, अर्धं यश या बोटांचं आहे, आणि सांगितली दोन पाउंडांची युक्ती. आठवड्याभरात हॉलभर झालं.

भिंगरी आली. ओरडेल वाटलं होतं, ओरडली नाही. सहाही रॅकेट या टेबलावर ओळीने मांडल्या आणि म्हणाली, "मामा, कुठली खरी?"

काय सांगणार? म्हणालो, तुझ्या खांद्यासाठी केलं गं. तर म्हणते, "खांद्यासाठी केलंस ते कळलं. चाळीस दिवस कशासाठी गप्प बसलास?" याला उत्तर आहे का तुमच्याकडे? चार महिने या दुकानाची पायरी चढली नाही. मागच्या दारानेही नाही. बाहेर जाऊन गटिंग करून घ्यायची. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस, सगळं स्वतः खेळून पाहिलं, फिजिओला विचारून. आणि ठरवलं काय? सत्तावीस! माझंही नाही, तिचंही नाही. मी ताईला एकदाच म्हणालो, म्हणजे निम्मा तरी बरोबर होतो ना मी — ताईने असं बघितलं की पुढचं वाक्य गिळलं.

मग एके दिवशी आली आपणहून. दोन रॅकेट ठेवल्या. म्हणाली, "मामा, तुझ्यासारख्या आडव्या तारा कोणाला जमत नाहीत, काय करू?" इथे, बरोबर तुमच्या जागी, उभी राहिली आणि शेवटच्या गाठीपर्यंत मशीनच्या आकड्यावरची नजर हलवली नाही. विचारलं मी, "विश्वास नाही ना?" म्हणाली, "आहे. पण बघणार." बघ म्हटलं बाई, हजारदा बघ. गेल्या महिन्यात उपांत्य फेरी खेळून आली, मोठ्या स्पर्धेची! चिठ्ठी मीच चिकटवली, पण आकडा तिने लिहिला.

दोन अटी घातल्या होत्या त्या दिवशी. पहिली ही, समोर उभी राहून बघणार. आणि दुसरी... दुसरी म्हणजे, दुकानात येणाऱ्या-जाणाऱ्यांपाशी तिच्याबद्दल एक अक्षरही—

...

घ्या. झाली तुमची रॅकेट. चोवीस. नाही, काही नाही, बाकी काही नाही. या आता.