सांता ओबदूलियाच्या मठातून भर दुपारी बाहेर पडलेल्या सिस्टरबाबत

नाव : रेमेदियोस गालान इयान. वय : ७१ वर्षे. धंदा : विधवा. (पूर्वी माझे बटणे, लेस आणि सुताचे दुकान होते. हवालदारांनी रकान्यात विधवा लिहिले, मी राहू दिले.) राहणार : मठामागची गल्ली, जुने शहर, तोलेदो.

विचारल्यावरून मी समक्ष सांगते की, वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझी नणंद कासिल्दा शेजारी राहते. ती पूर्वी मंडईत मासे विकत असे. अजूनही ती त्याच आवाजात बोलते.

सिस्टर एउफेमिया हिला मी शाळेपासून ओळखते. तेव्हा तिचे नाव पुरी होते. नन्सच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. प्रार्थनेत ती हसवत असे आणि कोपऱ्यात मी उभी राहत असे. एकोणिसाव्या वर्षी ती मठात गेली. तेव्हापासून आमचे बोलणे तोर्नोपाशी होते. तोर्नो म्हणजे भिंतीतले फिरते लाकडी कपाट, हे साहेबांना ठाऊक आहे. त्यातून मिठाई बाहेर येते, आवाज येतो, पण पलीकडची बाई दिसत नाही. हे नीट लिहून घ्यावे, पुढे लागणार आहे.

मठ बंद होत आहे. उरलेल्या सहा सिस्टरांना उद्या सकाळी गाडीने उत्तरेकडच्या एका मठात नेणार आहेत. एउफेमियाला जायचे नाही. गावातलाच दुसरा एक मठ तिला ठेवून घ्यायला तयार आहे. परंतु मठाची मिळकत पाहणारे फादर फुल्हेन्सियो यांचे म्हणणे असे की तिचे डोके ठिकाणावर नाही, त्यामुळे तिच्या हो-नाहीला अर्थ नाही. पुरावा म्हणून ते सांगतात की, मठाचे हॉटेल झाल्यावर माझ्या खोलीचे भाडे किती ठेवणार, असे तिने त्यांना विचारले. फादरांना तो भ्रम वाटला. मला तो प्रश्न वाटला.

मंगळवारी मी मठातली बदामाची मिठाई, मार्झिपान, आणायला गेले असता तिने तोर्नोमधून मला सांगितले, "रेमे, मला वेशीतून पायी गावात यायचंय."

मी म्हणाले, "अगं, तू गावातच आहेस."

"मठात आले तेव्हा गाडीतून आणलं मला. पांढरा झगा चुरगळेल म्हणून काकाची टॅक्सी. डॉक्टरकडे टॅक्सी, मत द्यायला टॅक्सी. वेशीतून शेवटची आले ती आईच्या ॲप्रनला धरून. धुण्याचं गाठोडं तिच्या डोक्यावर आणि मी मागे फरपटत."

तिची आई खालच्या वस्तीतून वर गावात कपडे पोचवत असे. मी बरे म्हणाले.

आज गुरुवारी दुपारी जेवणानंतर बाकीच्या सिस्टर झोपल्या. तोर्नोची पाळी एउफेमियाची होती आणि लहान दाराची किल्ली तिच्याकडेच असते. तिच्या जागी आतल्या स्टुलावर कासिल्दा बसली. तिला तीन गोष्टी सांगितल्या होत्या. कोणी मठाच्या रीतीप्रमाणे "नमो मारिये, परमनिर्मळे" म्हटले की "पापाविना गर्भी संभवली" म्हणायचे. मिठाई मागितली तर द्यायची. बाकी तोंड उघडायचे नाही. कासिल्दा म्हणाली, "एवढंच ना? बायकांनी आयुष्य काढलंय यात."

वेशीतून आत यायचे तर आधी खाली जायला हवे. आम्ही टेकडीच्या उतारावरच्या सरकत्या जिन्याने उतरलो. एउफेमियाने कधी तसा जिना पाहिला नव्हता. तिने झगा वर धरला, माझा दंड पकडला आणि विचारले, "हे थांबवायला कोणाला सांगायचं?" मागची एक तरुण मुलगी हसली. एउफेमिया तिला म्हणाली, "हसू नकोस गं. तुम्हाला सगळीकडे असंच नेतात, म्हणून तुमच्या पोटऱ्या अशा."

खालून चढ चढून आम्ही सोल दरवाजापाशी, म्हणजे जुन्या वेशीपाशी आलो. ऊन होते. दम लागला म्हणून मी कठड्यावर टेकले. ती टेकली नाही. छत्री उंच धरलेल्या एका गाइडने आपल्या माणसांना सांगितले की ही जुन्या काळाच्या वेशातली बाई आहे, फोटो काढता येतील. त्यांनी काढले. ती म्हणाली, "काढा, पण मला दाखवा. मठात आरसा नाही." पाहिल्यावर म्हणाली, "हे काय, आई आहे ही."

मग ती कमानीखाली गेली. डावा हात तिने अंगापासून थोडा दूर आणि खांद्याच्या वर धरला होता, कोणाचे तरी कापड धरावे तसा. मी मागे राहिले. ती आत काय म्हणाली ते मला ऐकू आले नाही. विचारले नाही. बाहेर आल्यावर तिने नाक शिंकरले आणि आम्ही पुढे निघालो.

कॉर्पसच्या सणाच्या मिरवणुकीसाठी गल्ल्यांवर कापडी छते ताणलेली होती. मी वाटेतल्या दुकानांची नावे सांगत होते, ती पूर्वीची सांगत होती. एका दुकानात तिने मार्झिपान चाखले आणि म्हणाली, "यात बटाटा आहे."

दुकानदार म्हणाला, "मदर, शपथेवर सांगतो, बटाटा नाही."

"मग बदामही नाही."

चौकात आम्ही सावलीत बसलो. वेटरने विचारले, "मदरना बिअर बिनअल्कोहोलची आणू ना?" ती म्हणाली, "का रे, मी आजारी दिसते का?" तिने बिअर घेतली, ऑलिव्ह खाल्ले, बिया रुमालात बांधल्या. कशाला, असे मी विचारले नाही. त्या वेळी साडेतीन झाले होते. चौकातल्या घड्याळाकडे पाहून तीच म्हणाली की घाई नको, कासिल्दा सांभाळेल.

मठात त्याच वेळी काय झाले ते मला मागाहून कळले. प्रथम फादर फुल्हेन्सियो तोर्नोपाशी आले आणि म्हणाले, "सिस्टर एउफेमिया, उद्या शहाण्यासारखं गाडीत बसायचं हं, बाळ."

कासिल्दा म्हणाली, "बाळ कोणाला म्हणतोस? पाय धुऊन ये आधी, इथवर वास येतोय." पुढे आणखी काही म्हणाली, ते लिहू नये अशी विनंती आहे. फादर निघून गेले.

त्यानंतर तक्रारदार ब्रिहिदाबाई आपली मुलगी नोएलिया हिला घेऊन आल्या. लग्नाच्या दिवशी पाऊस पडू नये म्हणून नवरी मुलगी मठात अंडी देते, त्याप्रमाणे त्यांनी अंडी तोर्नोत ठेवली. कासिल्दाने ती घ्यायची होती. तिने विचारले, "नवरा कोण?"

"टायरवाल्या आम्ब्रोसियोचा मुलगा."

"मोठा की दाढीवाला?"

"दाढीवाला."

तेव्हा तोर्नो उलटा फिरला आणि अंडी परत आली. "पोरी, पावसाचं मी बघेन. त्याच्यावर नजर कोण ठेवणार? घरी जा आणि ऑम्लेट करून खा."

नोएलिया रडू लागली. ब्रिहिदाबाईंनी पोलीस बोलावले. तोतया बाई आत शिरली आहे किंवा सिस्टरला भूत लागले आहे, असे त्यांनी फोनवर सांगितले. पैकी पहिले खरे होते. आलेल्या हवालदारांनी नाव विचारले. आतून उत्तर आले, "पापाविना गर्भी संभवली." दार उघडा म्हणाले. "पापाविना गर्भी संभवली." आत आणखी कोण आहे? "मार्झिपान संपलंय, उद्या या."

आम्ही परत आलो तेव्हा गल्लीत गर्दी होती, आपणही येऊन पोचला होतात. परत आलेले फादर पुढे धावले. एउफेमियाचा हात धरून सर्वांना म्हणाले, "सापडली बिचारी!" आपल्यासमोर, साहेब, ते असेही म्हणाले की त्यांची पूर्ण खात्री झाली आहे, कारण साडेतीनला ते स्वतः तोर्नोपाशी तिच्याशी बोलले आणि ती साफ भ्रमिष्ट होती, घाण शिव्या देत होती.

आपण विचारलेत, "साडेतीनला? नक्की सिस्टर एउफेमियाच?"

फादर म्हणाले, "आवाज ओळखत नाही का मी? इतकी वर्षं बोलतोय."

तेवढ्यात लहान दारातून कासिल्दा बाहेर आली आणि म्हणाली, "भ्रमिष्ट कोणाला म्हणतोस रे?"

एउफेमियाने फादरांना बसायला स्टूल आणून दिले.

आपण विचारल्यावर फादरांनी कबूल केले की मठाच्या भेटीच्या खोलीतल्या जाळीसमोर बसून, तिचे तोंड पाहून, ते तिच्याशी कधीच बोललेले नाहीत. सर्व बोलणे तोर्नोपाशीच झाले. तेव्हा ज्या बाईला ते वेडी ठरवत आहेत ती कोणती, हे त्यांना सांगता येत नाही. आज त्यांनी वेडी ठरवलेली बाई माझी नणंद आहे. ती बत्तीस वर्षे मंडईत वजनकाट्यामागे बसली आणि तिला अजून कोणी फसवलेले नाही.

एउफेमियाला मी फूस लावली नाही. कासिल्दाला मी बसवले, हे खरे. ब्रिहिदाबाईंची माफी मागायला मी तयार आहे. नोएलियाची मागणार नाही. ती मघापासून बाहेर कासिल्दाजवळ बसून तिला काहीतरी विचारते आहे.

हा जबाब मला सावकाश वाचून दाखवण्यात आला. त्यात "सदर सिस्टर गोंधळलेल्या अवस्थेत सापडली" असे एक वाक्य होते. ते माझे नाही, फादरांचे आहे, असे मी सांगितले. साहेबांनी ते माझ्यासमोर खोडले. त्या जागी "सदर सिस्टर आपण होऊन परत आली, उद्याच्या गाडीत बसण्याबाबत तिचा नकार तिच्या पूर्ण शुद्धीतला समजावा" असे लिहिले. ते मी पुन्हा वाचायला लावले. साहेबांनी वाचले. आता सर्व मी सांगितल्याप्रमाणे आहे.

सही : रेमेदियोस गालान इयान