एक पूर्ण मिनिट

बसच्या रांगेत माझ्यापुढे दोन नर्स उभ्या होत्या, एक पोक्त, एक तरुण.

"ताण घालवायच्या वर्गाला का नाही आलीस गं?"

"डबल ड्यूटी होती, ताई. काय शिकवलं?"

"श्वास घ्यायला."

"बरं झालं. इतकी वर्षं राहूनच गेलं होतं."

"हसण्यावारी नेऊ नकोस. लेक कशी आहे?"

"मी घरी पोचले की रोज म्हणते, आई, मला ताप आलाय. हात लावून बघावं, तर अंग गार."

"मग ही नाटकं कशाला?"

"नाडी बघताना मी पूर्ण मिनिटभर तिचा हात धरते ना, म्हणून."

"अगं बाई! मग तू रागावत नाहीस?"

"मी मध्येच आकडा चुकते, ताई. मुद्दाम. आणि पुन्हा पहिल्यापासून मोजते."