अकरा फोटो

ऋतिका : ...आणि हा बघा, मावशी. यातही तुमचा डावा हात कपाटाच्या दारावरच आहे.

जानकी : सवय गं. दिवसभर उभं राहायचं, आधार लागतो.

ऋतिका : एवढ्याशा या जागेत मी तुम्हाला ओट्याशी उभं केलं, खिडकीशी उभं केलं. अकरा फोटो काढले, अकराही फोटोंत हात तिथंच. आहे काय त्या कपाटात?

जानकी : पीठ.

ऋतिका : पिठाचे डबे तर खाली आहेत.

जानकी : तुझी नजर म्हणजे ना, पोरी. (दार किलकिलं करून) घे, बघ. आणि लगेच लावून टाक.

ऋतिका : बाबासाहेब. दाराच्या आतल्या बाजूला लावलेत.

जानकी : सकाळी सहाला उघडते, फूल वाहते, हात जोडते, बंद करते. मग गिऱ्हाईक. पाटीवरसुद्धा नुसतं 'जानकी पोळीभाजी', आडनाव नाही. समोरच्या सोसायटीतल्या शुभाताई परवा म्हणाल्या, तुमच्या पोळीला अगदी आमच्या घरची चव आहे. त्यांना काय सांगू?

ऋतिका : भांडुपचे शिवदासकाका बॅगा शिवतात. त्यांनी तसबीर मशीनच्या वर लावलीय, रस्त्यावरून दिसेल अशी.

जानकी : बॅग कुणी खात नाही.

ऋतिका : हो, ते खरं. आणि या फोटोंचं प्रदर्शन इथंच आहे, मुलुंडला. दारातच लिहिलेलं असेल, दलितांचे छोटे धंदे. तुमची गिऱ्हाइकं येणारच. तुम्ही नको म्हणालात, तर तुमचा एकही फोटो लावणार नाही.

जानकी : पन्नास डबे जातात माझे. किती बंद होतील?

ऋतिका : माहीत नाही. एकही होणार नाही, असं खोटं नाही सांगणार.

जानकी : नऊ वर्षं झाली या कपाटाला. नऊ वर्षं हात असाच होता म्हणायचा.

ऋतिका : नऊ वर्षांचं मला ठाऊक नाही. अकरा फोटोंचं सांगतेय.

जानकी : पोळी लाटताना तेवढे दोन्ही हात माझे असतात बघ.

ऋतिका : ...कॅमेरा ठेवू का आत, मावशी?

जानकी : नको. मी दार उघडते, सगळं. पण थांब जरा, सकाळचं फूल सुकलंय. ताजं घालते, मग काढ.