अर्धी वेणी

पाणीगेटच्या बसमध्ये मथुराबाईंच्या पुढच्या बाकावर दोघी मैत्रिणी गुजराती वळणाच्या मराठीत बोलत होत्या.

“शर्वरी, तुमची संस्था तर रविवारी वाटपाला जाते ने? आज कुठे?”

“फूटपाथवरच्या एका आजींकडे. परवा ब्लँकेट दिलं तर म्हणाल्या, ‘बेन, त्यापेक्षा वेणी घालून दे.’”

“घातलीस?”

“केसांत नुसत्या गाठी. सोडवत बसले, तर माझ्या गुडघ्यावर डोकं टेकून झोपल्याच.”

“उठवायचं ने.”

“कसं उठवू? उघड्यावर एकटी बाई, रात्री डोळा लागत नाही म्हणे. शेवटी ब्लँकेट डोक्याखाली सरकवलं आणि हळूच निघाले.”

“आणि वेणी?”

“अर्धीच राहिली. तीच पुरी करायला चाललेय.”

मथुराबाईंनी पर्समधून आपला कंगवा काढून पुढे केला.

“हा घेऊन जा, बेटा. मोठ्या दात्यांचा आहे, दुखत नाही.”