चौऱ्याण्णव गुण

नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे मी नंबर लावून बसले होते. शेजारच्या बाकावर सिगारच्या कारखान्यातले दोघे होते: सिगार ओढून चव ठरवणारे काका आणि सिगार वळणारी एक बाई.

"काका, सर्दी नाही, खोकला नाही, मग इथे कशाला आलात?"

"मला वास येत नाही. तीन महिने झाले. कुणाला बोलू नकोस."

"तीन महिने? मग परवा त्या नव्या भारीतल्या सिगारला गुण कसे दिलेत?"

"शंभरपैकी चौऱ्याण्णव दिले. कॉफी, अक्रोड, शेवटी किंचित चामडं, असं लिहिलं. जुन्या कागदावरून उतरवलं."

"अहो, चव ठरवणाऱ्या बाकीच्या चौघांनीही तेच लिहिलंय."

"मी आधी मोठ्यानं सांगतो, मग ते लिहितात. पहिल्यापासून तशीच पद्धत आहे."

"काका, त्या नव्या सिगारची पानं अजून आलेलीच नाहीत."

"म्हणजे?"

"परवा तुमच्यापुढे आलेला ट्रे माझा होता. नव्या बायकांना वळायला शिकवते ना, त्यासाठी त्या सिगारांत जमिनीवरचा चुरा झाडून भरला होता. कुणीतरी चुकून तोच उचलून आत नेला."

"चुरा ओढला मी?"

"पाचही जणांनी ओढलात. मी दारातच उभी होते, ट्रे परत मागायला."

"मग तोंडाला कुलूप लावलं होतंस का? बोलायचं नाही?"

"बोलणारच होते. तेवढ्यात तुम्ही कॉफी म्हणालात, आणि काका, मलाही कॉफीचाच वास आला."