पंचवीस दात्यांची चकती

सायकलीची चढाची चकती काढून मी शर्यतीची चकती बसवली, आनि ती पन बायकोच्या गाठीचं कळायच्या पंधरा दिवस आधी. चूक माझीच, दुसऱ्या कोनाची नाय, हे पहिलं लिहून घ्या.

मी सारसोळ्याचा. बाप खाडीत होडी घालायचा, आजा पन, आनि मला पान्याची भीती. कोळ्याच्या पोटी असलं पोर जन्माला आलं म्हनून बाप मरेपर्यंत हसला. मंग पावण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात चिकटलो, गिअरचे दाते कापायच्या मशीनवर, तीस वर्षं तेच मशीन. उरणच्या बंदरात माल उचलायला विंच असतात ना, त्यांचे गिअर आमी कापतो. गिऱ्हाईक आलं की मीच त्याला शिकवायचो, वजन जड असेल तर वेग मागू नका, मोठं चाक लावा, सावकाश उचला. तीस वर्षं हे दुसऱ्यांना सांगत आलोय. काय सांगू तुमाला.

सायकल गुडघ्यासाठी घेतली, डॉक्टर बोलले म्हनून. रोडची सायकल, बारीक टायरची, पुढं दोन चाकं दात्यांची, मागं अकरा चकत्यांचा गठ्ठा. त्यातली सगळ्यात मोठी चौतीस दात्यांची, चढाला तीच लागते, तिच्यावर पाय हलके फिरतात. पन रविवारी आमच्यासोबत एक बँकेतला सागर यायचा, चड्डी अशी घट्ट की बघनाऱ्याला लाज वाटावी, तो एकदा बोलला, काका, मागं हे जेवनाचं ताट कशाला लावलंय? सगळे हसले. मी पन हसलो, आनि दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन ताट काढून वाटी बसवली, मोठ्यात मोठी चकती पंचवीस दात्यांची. आता सपाट रस्त्याला काय फरक पडत नाय, पामबीच रोडला मी सागरच्या पुढं. जुना गठ्ठा घरी आनला, तर लता बोलली, वजनाला चांगला हाय, कापड कापताना दाबायला ठेवते. लता म्हनजे माझी बायको, ब्लाऊज शिवते सोसायट्यांतल्या बायकांचे.

मंग तिला गाठ लागली, काखेत. सुई घालून तपासनी केली, रिपोर्टला आठ दिवस. ते आठ दिवस ती शिवनाच्या मशीनवर आनि मी माझ्या मशीनवर, घरी टीव्ही तेवढा चालू. तिसऱ्या दिवशी दाते कापता कापता मी मनातच नवस बोललो, आई, गाठ साधी निघू दे, पारसिकची टेकडी मी पाय न टेकता चढेन आनि वर नारळ फोडेन. वर झाडाखाली शेंदूर लावलेला दगड हाय, ती आमची देवी, तिला आमी मानतो. लोक काम झाल्यावर नवस फेडतात, मी आधीच फेडायला निघालो, मला वाटलं रिपोर्ट उघडायच्या आत पोचलं तर देवीला कागद बदलायला वेळ मिळेल.

रविवारी सराव म्हनून एकटाच गेलो. बेलापूरच्या बाजूनं चढ सुरू झाला, पहिलं वळन जमलं, दुसऱ्या वळनावर पेडल खालीच जाईना, उभा राहून सगळं अंग टाकलं तरी जाईना, आनि तो पंचवीसचा आकडा मला आठवायला लागला. बूट पेडलात अडकवायचे, टाच बाहेर फिरवली की सुटतात, माझी टाच फिरली नाय. सायकलीसकट आडवा झालो, कोपर फुटलं, मागनं पान्याचा टँकर येत होता, तो हातभर अंतरावर थांबला. ड्रायव्हर उतरला, बघतो तर दोन्ही पाय अजून पेडलातच. मी त्याला विचारलं, पाय टेकला काय हो माझा? तो बोलला, डोकं टेकलंय.

सोमवारी नेरूळच्या सायकलवाल्या फारूकभाईकडं गेलो. लताच्या कापडावरून गठ्ठा उचलला, तिनं विचारलं, कुठं नेताय? मी बोललो, साफ करून आनतो. फारूकभाईनं दाते मोजले आनि बोलला, पुढं लहान चाक चौतीसचं, मागं पन चौतीस लागलं तर पायाच्या एका फेरीला चाकाची एकच फेरी, आनि मागं पंचवीस असेल तर सव्वाच्या वर, म्हनजे तुमी दर फेरीला सव्वा चाकाचं वजन ओढत होता काका. चेन पन दोन कड्या लांब करावी लागली. मी मान हलवत होतो, जसं काय हे मला माहीतच नाय.

मंगळवारी अकराला रिपोर्ट. सकाळी लता पिशवी भरत होती, जुने कागद, पान्याची बाटली. येताय ना, बोलली. मी बोललो, कारखान्यात अर्जंट काम हाय, तू हो पुढं. तिनं बाटली पिशवीत घातली आनि परत काढून झाकन घट्ट केलं.

साडेदहाला मी टेकडीच्या पायथ्याशी, पाठीवरच्या पिशवीत नारळ. चौतीसची चकती लावली. पाय फिरतात, पन सायकल एवढी हळू की एक आजी काठी टेकत माझ्या पुढं निघून गेली. दुसरं वळन आलं, टँकरवाल्याची जागा आली, मी श्वास मोजत होतो. तेवढ्यात खिशात फोन वाजला. उचलायचा तर थांबायला पायजे, थांबलो तर पाय टेकनार. वाजून बंद झाला. परत वाजला. एवढ्या लवकर कसा रिपोर्ट आला, चांगली बातमी असती तर एकदाच वाजला असता, असं मनात आलं आनि हँडल लटपटलं, कडेच्या गटारापर्यंत जाऊन परत आलं. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी रडत होतो, हे नाय लिहिलं तरी चालेल. पाय फिरवत राहिलो. चौथ्यांदा वाजलाच नाय, आनि ते त्याच्याहून वाईट.

वर पोचलो, पहिला पाय दगडासमोर टेकला, नारळ फोडला आनि फोन लावला. लता बोलली, साधी हाय गाठ, चरबीची. तुमी आपलं काम करा. आनि ठेवला.

आता दर सहा महिन्यांनी लता तपासनीला जाते, मी पन जातो, तिच्या बाजूला बसतो. सागरनं पन गुपचूप ताट बसवलंय, मी बघितलंय. गुडघा बरा हाय, देवी पावली, घरात सगळं ठीक हाय. आता ही गोष्ट मी सगळ्यांना सांगतो, आत्ता तुमाला सांगतोय तशी, आनि लता दर वेळी शिवनावरून मान वर न करता ऐकते. आज तेवढी मान वर करून तीच तुमाला बोलली, बघा.

लिहिताय ना भाऊ, तर हे पन लिहा. हॉस्पिटलात माझ्या बाजूची खुर्ची रिकामी होती, आनि तिथं यायला काय चढ नव्हता.