वकीलकाकाचा पुरावा

तुमी हासान, पण मले अजून राग येते. पोरीच्या गेममधी माणसाले अंगभर चिलखत अन् बाईले दोन बोटाची चिंधी, हे खरंच हाय. म्हणून अकोल्याच्या पालकसभेत बोलाले शेजारच्या वकीलकाकाले मीच नेलं. निंगताना इचारलं, "काका, गेम पाह्यला ना?"

"दारू वाईट हाय हे सांगाले दारू प्या लागते काय?"

सभेत त्यायनं ग्रुपवर आलेला फोटो पडद्यावर लावला. "पाहा, बाईची दशा!"

माही पोरगी उभी राह्यली. "आजोबा, हा गेमच दुसरा हाय. अन् हे बाई नाही, लांब केसाचा पहिलवान हाय."

सारे हासले. पोरीच्या गेमचे मी छापून आणलेले खरे फोटो पर्समधीच राह्यले.

बाहेर आल्यावर काका मलेच म्हणतात, "पण कपडे त नव्हतेच ना?"